सुवर्णकमळ आणि हाऊसफुल्लचा बोर्ड

२८ मार्च २०१६ रोजी दिल्लीत त्रेसष्टावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. रमेश सिप्पी यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ ‘बाहुबली’च्या पहिल्या भागाला दिले. लोकप्रिय चित्रपटाचा पुरस्कार ‘बजरंगी भाईजान’ला गेला. मराठीत मकरंद माने यांच्या ‘रिंगण’ची निवड झाली, कन्नडमध्ये राम रेड्डी यांच्या ‘तिथी’ची. आणि विशेष उल्लेखांच्या रांगेत अकलूजच्या एका शाळकरी मुलीचे नाव होते: रिंकू राजगुरू, चित्रपट ‘सैराट’. त्या दिवशी ‘सैराट’ देशातल्या एकाही चित्रपटगृहात लागलेला नव्हता. तो लागला २९ एप्रिलला, म्हणजे महिनाभराने.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नास कोटींची कमाई ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ‘सैराट’ ठरला. गाणे सुरू झाले की लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचू लागत. त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका निवडण्याची वेळ आली, तेव्हा विचारात घेतलेल्या चित्रपटांत ‘सैराट’ही होता, मान मिळाला वेट्रिमारन यांच्या तमिळ ‘विसारणै’ला. मग वर्तमानपत्रांत, कट्ट्यांवर आणि एसटीच्या सीटवरही वाद रंगला. एवढा चाललेला चित्रपट एवढ्या मोठ्या पुरस्काराच्या लायकीचा असतो का? की तो चालला, हेच त्याचे बक्षीस?

या वादात एक गोष्ट सहसा निसटते. राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनी ‘सैराट’ पाहिला तेव्हा तो लोकप्रिय नव्हताच. फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाच्या ‘जनरेशन’ विभागात तो दाखवला गेला होता, तेवढीच त्याची ओळख. ना गर्दी होती, ना नाच, ना कोटींचे आकडे. परीक्षकांपुढे होती ती निव्वळ कलाकृती, आणि तिच्यातून त्यांनी एका मुलीचा अभिनय तेवढा उचलला. म्हणजे गर्दीला भुलून किंवा गर्दीला बिचकून निर्णय झाला, असे या एका बाबतीत म्हणता येत नाही. म्हणूनच लोकप्रिय चित्रपट आणि मोठे पुरस्कार यांच्या नात्याचा इतिहास तपासायला ‘सैराट’सारखे दुसरे उदाहरण नाही.

हा इतिहास निर्ण्यासारख्या गावातून पाहिला तर जास्त स्पष्ट दिसतो. निर्णा बिदर जिल्ह्यात, चिटगुप्पा तालुक्यात, कलबुर्गीकडच्या सीमाभागात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले; झहीराबाद, नारायणखेड आंध्रात; आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. माणसे जिथल्या तिथे राहिली. बाजारात आजही कन्नड, मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच सौद्यात ऐकू येतात. पुणे–हैदराबाद रस्ता हुमनाबादवरून जातो. त्याच्या एका टोकाला सोलापूर, दुसऱ्या टोकाला हैदराबाद, आणि चित्रपट दोन्हीकडून येतात.

पुरस्कार मात्र राज्य आणि भाषा पाहून दिले जातात. मराठी चित्रपटाचा गौरव करणार महाराष्ट्र शासन. कर्नाटक शासनाच्या पुरस्कारांत कन्नडबरोबर तुळू, कोकणी, कोडवा या भाषांना जागा आहे. कर्नाटकात राहून मराठी चित्रपट पाहणारा प्रेक्षक या दोन्ही टेबलांच्या मधल्या जागेत बसलेला असतो. त्याच्या मताची नोंद कुठल्याच मंडळापुढे होत नाही, आणि तरीही कन्नडचे राजकुमार, मराठीचे दादा कोंडके, तेलुगूचे के. विश्वनाथ आणि ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे चौघेही त्याला आपले वाटतात. एका भाषेच्या परीक्षकाला नसते अशी तुलनेची सोय त्याच्याकडे आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या उत्सवात नामवंत गवई दरबारात गातात आणि समोर शेतकरी, हमाल, व्यापारी सगळेच मांडी घालून बसलेले असतात. ज्या मुलखाला ही सवय आहे, तिथे ‘लोकांना आवडते ते हलके’ हे गृहीतक सहज पचत नाही.

ते पचू नये असा पहिला मोठा पुरावा ‘प्रभात’ फिल्म कंपनीने दिला. १२ डिसेंबर १९३६ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ लागला आणि मुंबईत ५७ आठवडे चालला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकर यांची. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट. गल्ला आणि गौरव एकाच चित्रपटाला, तेही वर्षभराच्या आत. ज्यांनी तो गर्दी करून पाहिला त्यांना व्हेनिस कुठे आहे हे माहीत नव्हते आणि ज्यांनी तो व्हेनिसला पाहिला त्यांना मराठीचा गंध नव्हता. तरी दोघांचे मत एकच पडले.

का पडले, हे एका प्रसंगातून कळते. तुकारामाचा मुलगा आजारी आहे. घरात दाणा नाही. नवरा अभंगात रमलेला. जिजाई पोराला उचलते, तडक देवळात शिरते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबापुढे उभी राहते. वारकऱ्यांच्या दैवतावर वहाण उगारणारी बाई १९३६ साली पडद्यावर दाखवणे ही साधी गोष्ट नव्हती. पण त्या प्रसंगात कोणाचीही श्रद्धा दुखावली गेली नाही, कारण जिजाईचा संताप खरा होता आणि तो देवाशी भांडण्याइतक्या जवळिकीतून आलेला होता. ती भूमिका करणाऱ्या गौरी या काही नावाजलेल्या नटी नव्हत्या. ‘प्रभात’मध्ये किरकोळ कामे करता करता त्या इथवर आल्या होत्या. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग तर पुढे कित्येकांनी तुकारामांचाच मानला. लोकांनी एखादी गोष्ट इतकी आपलीशी करावी की तिचा कर्ताच विसरला जावा, याहून मोठी दाद कोणती?

सीमाभागातल्या माणसाला या कथेचा पुढचा भागही माहीत असायला हवा, कारण तो त्याच्याच दोन भाषांचा आहे. १९६३ साली सुंदरराव नाडकर्णी यांनी कन्नडमध्ये ‘संत तुकाराम’ केला. तुकाराम झाले राजकुमार, कन्नड पडद्याचे सर्वांत लाडके नट. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कन्नड चित्रपटाचा मान या चित्रपटाला मिळाला. त्याआधी १९५९ सालच्या चित्रपटांत हाच मान ‘जगज्ज्योति बसवेश्वर’ला होता, म्हणजे बिदर जिल्ह्यातल्याच कल्याणच्या बसवण्णांच्या कथेला. देहूचा तुकोबा कन्नडमध्ये आणि कल्याणचे बसवण्णा पडद्यावर, दोन्ही लोकांचे आणि दोन्ही सन्मानित. त्या काळात लोकप्रिय आणि दर्जेदार अशी उभी भिंत कोणी घातलेली नव्हती.

राष्ट्रीय पुरस्कारांची सुरुवातही याच मोकळेपणाने झाली होती. १९५४ साली पहिल्यांदा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक दिले गेले, ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. साने गुरुजींचे पुस्तक घरोघरी पोचलेले, त्यावरचा चित्रपट घरोघरच्या माणसांनी रडत रडत पाहिलेला, वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम. कलात्मक आणि तांत्रिक उंची, शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्य अशी पुरस्काराची कसोटी होती. चित्रपट किती चालला याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि चालला म्हणून तो बाद, असेही नव्हते.

मग बिनसले कुठे?

तमाशापटांपासून, असे म्हणता येईल. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ला आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. जयश्री गडकर, हंसा वाडकर, वसंत पवारांचे संगीत. माने हे ‘प्रभात’मध्येच घडलेले, पडद्यावर गोष्ट कशी सांगायची हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण सुशिक्षित समीक्षेच्या लेखी लावणी आणि फड म्हणजे ग्रामीण करमणूक. त्यात अन्यायाची, बलात्काराची, सूडाची कथा आहे आणि ती एक स्त्री भर फडात उभी राहून सांगते, याकडे बघायला फार थोडे लोक थांबले. १९७२ला व्ही. शांताराम यांनी ‘पिंजरा’ केला, तेव्हा मात्र राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान तमाशाच्या फडाला मिळाला. डॉ. श्रीराम लागू, संध्या, राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांची गीते. चित्रपट तुफान चालला आणि पुरस्कारही घेऊन आला. मूळ कथेला जर्मन कादंबरीचा आणि ‘द ब्ल्यू एंजल’ या गाजलेल्या चित्रपटाचा आधार होता. शांतारामबापूंचे नाव आणि हा आधार नसता, तर तेच टेबल तेवढेच उदार झाले असते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

कारण त्याच काळात दादा कोंडके उभे होते. १९७१चा ‘सोंगाड्या’, वसंत सबनीसांची लेखणी, गोविंद कुलकर्णींचे दिग्दर्शन. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात त्याची जागा एका हिंदी चित्रपटाला मिळण्याची वेळ आली, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसैनिकांनी तो लावून घेतला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढे दादांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत मात्र उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मानही दादांच्या चित्रपटांना मिळाला नाही. त्यांच्या पुढच्या काळातले द्व्यर्थी विनोद अनेकदा सैल पडतात, पटकथा नावालाच उरते, हे खरे आहे. त्या चित्रपटांना पुरस्कार नाकारण्यात काही चूक नव्हती. पण ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू हवालदार’मधला दादांचा अभिनय, तो भोळा चेहरा, शब्दावर येऊन थबकणारी ती लय, हा वगनाट्यातून आलेला अस्सल वारसा होता. शाहिरी परंपरेच्या अभ्यासात त्याला मान मिळतो, मग अभिनयाच्या कसोटीवर तो का तपासला गेला नाही?

‘पांडू हवालदार’ १९७५चा. ‘सामना’ही त्याच वर्षीचा: विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे निर्माते, निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर. तो बर्लिनच्या स्पर्धेत गेला आणि मराठीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. तो निर्णय शंभर टक्के योग्य होता. ‘शोले’सुद्धा १९७५चाच. फिल्मफेअरमध्ये त्याला एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा, आणि ते संकलक होते मराठी: एम. एस. शिंदे. ‘शोले’चे दिग्दर्शक रमेश सिप्पी. एकेचाळीस वर्षांनी त्यांच्याच मंडळाने ‘बाहुबली’ला सुवर्णकमळ दिले. स्वतःच्या चित्रपटाला जे नाकारले गेले होते, ते दुसऱ्याच्या चित्रपटाला देताना सिप्पींना काय वाटले असेल, याची कल्पनाच करता येते.

आणि याच १९७५च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत एक नवा विभाग सुरू झाला: निकोप मनोरंजन देणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट. पहिला मान ‘तपस्या’ला. हेतू चांगला होता. लोकांना आवडणाऱ्या चित्रपटांची सरकारदरबारी दखल घ्यायची. या विभागाने काही फार मोलाच्या निवडी केल्या. के. विश्वनाथ यांचा तेलुगू ‘शंकराभरणम्’ हे त्यातले सर्वांत सुंदर उदाहरण. कर्नाटक संगीतावरचा चित्रपट, नायक म्हातारा गवई, आणि तरी आंध्र-तेलंगणात तो लोकांनी डोक्यावर घेतला. पण विभाग झाला आणि परीक्षकांना एक सोय मिळाली. चित्रपट गर्दी खेचणारा असला की त्याला शेजारच्या खोलीत बसवायचे. मग तो खरोखर वर्षातला सर्वोत्तम आहे का, हा अवघड प्रश्न सोडवण्याची गरजच उरत नाही. ‘लगान’, ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ आणि ‘दबंग’ एकाच विभागाचे मानकरी ठरतात. ‘लगान’ आणि ‘दबंग’ यांच्यात लोकप्रियतेपलीकडे काय समान आहे, हे कोणत्याही परीक्षकाने सांगावे.

अमेरिकेचीही हीच फरफट झाली आहे, उलट्या क्रमाने. १९२९च्या पहिल्या ऑस्कर समारंभात सर्वोच्च मान दोन होते: एक ‘विंग्ज’ला, तो विमानांच्या थराराचा भव्य चित्रपट, आणि दुसरा ‘सनराइज’ला, आगळ्या कलात्मक चित्रपटासाठीचा. पुढच्याच वर्षी दुसरा मान बंद झाला. ‘टायटॅनिक’ने १९९८ला अकरा पुरस्कार नेले तेव्हा कुणी तक्रार केली नाही. पण २००९ला ‘द डार्क नाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकनच मिळाले नाही, आणि इतका आरडाओरडा झाला की अकादमीने पुढच्या वर्षापासून नामांकने पाचावरून दहावर नेली. ऑगस्ट २०१८ला तर तिने थेट लोकप्रिय चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला. टीका इतकी झाली की महिन्याभरात तो मागे घ्यावा लागला. भारताने जे १९७५ला केले आणि अजून पाळले आहे, ते अकादमीला महिनाभरही टिकवता आले नाही. पुढच्या समारंभात ‘ब्लॅक पँथर’ला मुख्य गटातच नामांकन मिळाले. तेच योग्य होते.

भारताकडून ऑस्करच्या परभाषिक विभागात आजवर तीनच चित्रपटांना अंतिम नामांकन मिळाले आहे: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. या तिघांतले दोन अस्सल गल्लाभरू चित्रपट, गाणी आणि मेलोड्रामासह. ‘लगान’चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, त्याचे कलादिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाई यांचे, ज्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीकडून ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे तीन चित्रपट भारताची प्रवेशिका म्हणून गेले. तिन्ही उत्तम, आणि तिन्ही गर्दीच्या प्रवाहाबाहेरचे. ‘श्वास’ पाठवायला लोकांनी वर्गणी काढली. संदीप सावंत यांचा तो चित्रपट ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीत सुवर्णकमळ घेऊन आला होता, आणि आजोबा-नातवाची ती गोष्ट ज्यांनी पाहिली नव्हती त्यांनीही पैसे दिले. एवढी माया मराठी माणसाने क्वचितच एखाद्या चित्रपटावर केली असेल. मग २०२२ला भारताने गुजराती ‘छेल्लो शो’ पाठवला आणि ‘आरआरआर’ मागे राहिला. ‘आरआरआर’च्या गाण्याला पुढे ऑस्कर मिळाले, आणि हैदराबादकडे पाहणाऱ्या बिदरच्या प्रेक्षकाला एक वेगळा आनंद झाला, कारण निजामाविरुद्ध लढलेल्या कोमरम भीमचे नाव त्याच्या मुलखाच्या इतिहासाशी जोडलेले आहे.

गर्दीच्या चित्रपटांना मोठे पुरस्कार देऊ नयेत असे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. मार्च २०१५ला त्याला सुवर्णकमळ मिळाले आणि एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत लागला. पुरस्कार नसता तर तालुक्याच्या गावी त्याचे नावही पोचले नसते. ‘कासव’चेही तेच. बक्षिसाची गरज कोणाला जास्त आहे, असा प्रश्न असेल तर उत्तर स्पष्ट आहे. पण गरज भागवायला अनुदान आहे. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते, कर्नाटक शासन कन्नड चित्रपटांना देते. ते वाढवावे, वेळेवर द्यावे, छोट्या चित्रपटांना चित्रपटगृहे मिळवून द्यावीत. सर्वोत्कृष्ट म्हणजे सर्वोत्कृष्ट. तिथे आधार देण्याचा विचार शिरला की सर्वांत जास्त नुकसान छोट्या चित्रपटाचेच होते, कारण मग त्याला मिळालेला मान लोक मेहेरबानी समजू लागतात. ‘कोर्ट’ला मेहेरबानीची गरज नव्हती, त्या वर्षी त्याच्या तोडीचे दुसरे काही नव्हते.

तर ‘सैराट’. जवळजवळ तीन तासांचा चित्रपट, त्याचा पहिला दीड तास गाण्यांनी, संथ गतीने धावणाऱ्या मुलांनी, करमाळ्याकडच्या विहिरींनी आणि उसाच्या रानांनी भरलेला. परीक्षकाने इथे हरकत घेतली तर ती समजण्यासारखी आहे. काही प्रसंग लांबलेले आहेत, पाटलाचा पोर प्रिन्स एका ठरावीक साच्यातला वाटतो. पण त्याच पोराने वर्गात नव्या शिक्षकाच्या मुस्काटात मारल्यावर पुढे जे घडते, ते पाहावे. शिक्षकाला कळते की पोरगा कोणाचा आहे, आणि त्यानंतर कॉलेज, गाव, पाटील सगळे जणू काहीच घडले नाही असे वागतात. एका थपडेत गावाची सगळी उतरंड दिसते आणि कोणी भाषण करत नाही.

मग पाटलाची मुलगी आर्ची, म्हणजे रिंकू, आणि तिचा प्रियकर पळून हैदराबादला येतात. इथून पुढचा चित्रपट निर्णा–हुमनाबादच्या माणसाला सोलापूर-पुण्याच्या माणसापेक्षा जवळून कळतो, कारण पोट भरायला हैदराबाद गाठणे ही त्याच्या गावाची नेहमीची गोष्ट आहे. रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही, समोरचा काय बोलतो कळत नाही, राहायला झोपडपट्टीतली खोली. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला उभी राहते. छाया कदम यांनी उभी केलेली डोशाच्या गाडीवरची सुमनअक्का त्यांना सांभाळून घेते. पहिल्या भागातले संगीत लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले, अजय-अतुल यांचे. दुसऱ्या भागात ते हळूहळू ओसरते. गाणी ओसरली की प्रेक्षकाच्या हातात प्रेमकथेचे काही उरत नाही, घर चालवण्याची ओढाताण तेवढी उरते. मुद्दाम केलेली ही रचना आहे. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेराही त्याच बेताने खाली, अरुंद गल्लीत उतरतो.

आणि शेवट. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा टाकते. त्या दोघांचे लहान मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेले आहे. ते परत येते, आत जाते, बाहेर येते, आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे फरशीवर उमटत जातात. ध्वनिपट पूर्ण मुका. जे प्रेक्षक तासाभरापूर्वी पडद्यापुढे नाचले होते, तेच या शांततेत गप्प बसून राहिले. त्यांना नाचवल्याशिवाय ही शांतता इतकी असह्य झाली नसती. चित्रपटाचा लोकप्रिय भाग आणि थोर भाग इथे एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. पहिल्यासाठी एक पुरस्कार आणि दुसऱ्यासाठी वेगळा, अशी वाटणी केली तर चित्रपटच हातातून निसटतो.

हे सिद्ध करायला नंतरचे रिमेक पुरेसे आहेत. कन्नडमध्ये २०१७ला ‘मनसु मल्लिगे’ आला, नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. हिंदीत २०१८ला ‘धडक’ आला. कथा होती, गाणी होती, चाली होत्या. गर्दी खेचणारे सगळे साहित्य विकत घेता येत होते आणि ते घेतले गेले. ‘धडक’मध्ये जातीची धार बोथट झाली, शेवट बदलला, नायिका जिवंत राहिली. मूळ चित्रपटात जे विकत घेण्यासारखे नव्हते, ते त्यात आलेच नाही. मार्च २०१६ला परीक्षकांनी जोखायला हवे होते ते नेमके हेच, आणि तेव्हा तर गर्दीचा आवाजही त्यांच्या कानात नव्हता. रिंकूला दिलेला उल्लेख योग्यच होता. गौरींच्या जिजाईनंतर इतकी अनघड आणि इतकी खरी नायिका मराठी पडद्यावर फारशी आलेली नाही. पण ‘बाहुबली’च्या भव्यतेला सुवर्णकमळ देणाऱ्या मंडळाला ‘सैराट’ची रचना दिसू नये, याची खंत वाटते. ‘रिंगण’शी किंवा ‘तिथी’शी त्याची स्पर्धा लावायचे कारण नाही, ‘तिथी’ने तर मंड्याकडच्या गावकऱ्यांना घेऊन नटांशिवाय तेच साधले होते. प्रश्न वरच्या पायरीचा आहे.

१६ ऑगस्ट २०२४ला सत्तरावे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा कन्नड ‘कांतारा’ला लोकप्रिय चित्रपटाचा मान मिळाला आणि त्याच चित्रपटासाठी ऋषभ शेट्टी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. किनारपट्टीवरच्या भूतकोल या विधीची कथा, कर्नाटकाबाहेरही भाषांतरित होऊन पोचलेली, आणि अंगात आल्यावरचा तो शेवट. इथे भिंत थोडी तरी ओलांडली गेली: गर्दीच्या विभागात बसवलेल्या चित्रपटातूनच अभिनयाचा सर्वोच्च मान उचलला गेला. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२५ला, मराठीचा पुरस्कार सुजय डहाके यांच्या नव्या ‘श्यामची आई’ला मिळाला. मुख्य यादीत मात्र निकोप मनोरंजनाचा वेगळा रकाना अजून तसाच आहे. तो काढून टाकावा, आणि त्यात बसणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला सुवर्णकमळाच्या रांगेत उभे करून तिथेच हरवावे किंवा जिंकू द्यावे.